पाचवी आकृती

सुवर्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षणाला होते. फोन बंद ठेवायचा नियम मीच मुलांना वाचून दाखवला होता आणि माझाच फोन पर्समध्ये थरथरत होता. तिसऱ्यांदा थरथरला तेव्हा बाहेर येऊन घेतला. तिचा धाकटा भाऊ संजय होता. "जयूआक्का," तो म्हणाला, "आमची आक्का गेली ओ..." शाळेत मधल्या सुट्टीत तिला चक्कर आली, दवाखान्यात नेलं, मेंदूत रक्तस्राव झाला होता, दोन दिवस ती शुद्धीवर आलीच नाही. हे सगळं मला नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं. त्या क्षणी, जिन्याच्या कठड्याला धरून उभी असताना, माझ्या मनात पहिला विचार कोणता आला ते लिहायची लाज वाटते. पण लिहायचं तर तिथूनच सुरुवात करायला हवी. माझ्या मनात आलं, आता पाचव्या आकृतीचं कोणी विचारणार नाही. आणि अगदी पळभरच, पण सुटल्यासारखं वाटलं. त्यानंतर जे वाटायला लागलं ते अजून थांबलेलं नाही. हॉलमध्ये परत गेले आणि उरलेला तासभर बाकांच्या मधून नुसती चालत राहिले. एका मुलीनं पुरवणी मागितली, तिला मी दोनदा आणून दिली.

पाचवी आकृती म्हणजे काय हे सांगायला मला वीस वर्षं मागं जावं लागेल. आम्ही दोघी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, सुवर्णा कोल्हापुरात, मी गारगोटीला. त्या मे महिन्यात कोल्हापूरच्या एका कॉलेजात लहान गावांतल्या मुलांसाठी गणिताचं उन्हाळी संशोधन शिबिर भरलं. चाळीस दिवस, बारा मुलं, दोघादोघांच्या जोड्या, आणि प्रत्येक जोडीला असा एक प्रश्न की ज्याचं उत्तर शिकवणाऱ्यांनाही ठाऊक नाही. माझी निवड झाल्याचं ऐकून शेजारचे काका वडिलांना म्हणाले, "गणितात शोधायचं काय ऱ्हायलंय गुरुजी? उत्तर तर पुस्तकाच्या मागंच असतंय की." वडील शाळामास्तर, त्यांनाही मनातून तसंच वाटत असावं. तरी त्यांनी मला ट्रंकेसकट एसटीत बसवून दिलं.

शिबिर चालवणारे मोकाशी सर बाहेरगावच्या एका संस्थेतून आले होते. आवाज इतका मऊ की पंखा बंद केल्याशिवाय ऐकू येत नसे. त्यांचा नियम मात्र एकदम कडक. दर शनिवारी प्रत्येक जोडीनं फळ्यावर आपलं काम मांडायचं, आणि खोलीतला कोणीही, अगदी कोणीही, "नाही पटलं" म्हणाला की बोलणाऱ्यानं एक पायरी मागं जाऊन तेच पुन्हा समजावायचं. न पटण्याचं कारण द्यायची गरज नाही. पटवून देणं हे बोलणाऱ्याचं काम, असं सर म्हणत. पहिल्या शनिवारी, जोड्या अजून ठरल्या नव्हत्या तेव्हा, शहरातल्या नामांकित कॉलेजात शिकणारा एक मुलगा सरावाचं एक उदाहरण मांडायला ऐटीत फळ्यापाशी गेला. दोन ओळी लिहून होतात न होतात तोच मागच्या बाकावरून आवाज आला, "न्हाय पटलं." त्यानं पुन्हा सांगितलं. "न्हाय पटलं." तिसऱ्या वेळी त्यानं खडू खाली ठेवला आणि गपचूप जाऊन बसला, कारण तोवर त्याचं त्यालाच पटेनासं झालं होतं. मी वळून पाहिलं. दोन घट्ट वेण्या, मांडीवर जेवणाचा डबा, चेहऱ्यावर कसलाही विजय वगैरे नाही. चहाच्या सुट्टीत तिनं कागदातलं भडंग आधी त्या मुलापुढंच धरलं. "खा रे," ती म्हणाली, "तुझं उत्तर बरोबरच असंल. रस्ता तेवढा दिसंना."

चिठ्ठ्या टाकून जोड्या ठरल्या आणि तीच, मागच्या बाकावरची सुवर्णा, माझ्या वाट्याला आली. खरं सांगायचं तर मी वैतागले. मी पटपट पुढं जाणारी, मला शेवट आधी दिसतो, मधलं भरायचा कंटाळा. ती दर ओळीला थांबणारी. "जये, थांब की जरा. मी अजून हितंच हाय," असं ती दिवसातून वीसदा म्हणायची. आमच्याकडच्या बायका बोलतात तशी, "मी येतो, मी जेवलो, मी बघतो." मीही तेव्हा तसंच बोलत असे. पुढं पुण्यात लोक हसले म्हणून मी 'येते' म्हणायला शिकले. ती शेवटपर्यंत 'येतो'वरच होती.

आमचा प्रश्न कोणालाही सांगण्यासारखा आहे. बुद्धिबळाच्या पटासारखी चौकोनी घरांची एक फरशी घ्या. तिच्यातली कुठलीही दोन घरं काढून टाका. उरलेली घरं तीन घरांच्या काटकोनी तुकड्यांनी बरोबर झाकता येतील का, आणि कधी? तुकडे एकमेकांवर चढता कामा नयेत, बाहेर येता कामा नयेत. कागदावर आकृत्या काढून काढून आमच्या रबराचा चुरा झाला. एका सोमवारी सुवर्णा पिशवीतून एक लाकडी पेटी घेऊन आली. तिचे वडील, आप्पा, उचगावजवळच्या एका फौंड्रीत पॅटर्न बनवायचे. म्हणजे लोखंडाचा जो भाग ओतायचा त्याची आधी हुबेहूब लाकडी प्रत करायची, तिच्यावरून मातीचा साचा उठवायचा. लाकडात केसाएवढी चूक झाली तर ती शेकडो लोखंडी तुकड्यांत उतरते. आप्पांनी उरल्यासुरल्या सागवानातून आम्हाला सात बाय आठ घरांचं कडा असलेलं एक तबक, काढलेल्या घरांसाठी काळे रंगवलेले दोन ठोकळे आणि बरोबर अठरा काटकोनी तुकडे करून दिले होते. छप्पन घरांतली दोन गेली की चोपन्न, त्याला अठराच लागतात. तुकडा जागेवर बसला की 'टक' असा आवाज यायचा. मी एकदा त्यांच्या घरी जेवायला गेले तेव्हा आप्पांनी मला तबकात दोन तुकडे बसवायला सांगितले आणि त्यांच्या फटीवरून अंगठ्याचं नख फिरवून दाखवलं. "बसल्यागत दिसतंय म्हंजे बसलं न्हवं, पोरी," ते म्हणाले, "नख आडाय न्हाय पायजे." मला ते ऐकून बरं वाटलं, एवढंच. कानांवरून वाऱ्यासारखं गेलं.

महिनाभरात आम्हाला रीत सापडली. मोठी फरशी दोन-दोन ओळींच्या पट्ट्यांनी कापत कापत लहान करायची. शेवटी सगळा डोलारा सात बाय आठच्या पाच लहान आकृत्यांवर येऊन उभा राहायचा. त्या पाच बसल्या की काम फत्ते. चार बसल्या. पाचवीत काढलेली दोन घरं वरच्या कोपऱ्याजवळ होती, एक वरच्या ओळीत कोपऱ्याला लागून, दुसरं त्याच्या तिरक्या शेजारी, कोपऱ्यापासून लांबच्या बाजूला. अहवाल टाईप करायला द्यायचा दिवस आला, दुसऱ्या दिवशी सादरीकरण, बाहेरून मोठी माणसं येणार. मी झरझर लिहिलं : 'पाचवी आकृती वरीलप्रमाणेच, हे उघड आहे.' सुवर्णानं पान वाचलं, बोट ठेवलं आणि मोजलं. "वरच्या दोन ओळीत सोळा घरं. दोन गेली, चौदा ऱ्हायली. चौदाला तिनानं भाग जातोय व्हय?" जात नव्हता. आमची पट्टी कापायची रीत तिथं लागूच पडत नव्हती, आणि मी मोजण्याचीसुद्धा तसदी घेतली नव्हती.

"मग दुसरीकडून कापू," मी म्हणाले. "काप की." आम्ही दुपारभर तबकाशी झटलो. दर खेपेला तेच. एक तुकडा हातात उरायचा आणि तीन घरं मोकळी राहायची, पण तीन ठिकाणी. चार वाजता टाईप करणारा माणूस दारात येऊन उभा राहिला. "बसत न्हाय," सुवर्णा म्हणाली. "तुला बसवता येत नाही म्हणजे बसत नाही असं नव्हे," मी फटकारलं. तर्कानं ते बिनचूक होतं. ती शांतपणे म्हणाली, "व्हय. आन् तुला उघड वाटतंय म्हंजे ते हाय, असंबी न्हवं. जये, उघड हाय न्हवं? मग लिवून दाव की. न्हायतर लिव, की हे आमाला आलं न्हाय. त्यात काय लाज?" मला लाजच वाटत होती. मोकाशी सर ज्या जोडीचं काम पूर्ण होईल तिला पुढच्या शिक्षणासाठी शिफारसपत्र देणार होते, आणि त्या पत्राशिवाय गारगोटीच्या मुलीला कोण विचारणार होतं? मी पान तसंच पुढं केलं. तेव्हा तिनं कंपासमधून पट्टी काढली, पहिल्या पानावरच्या आपल्या नावावर ठेवली आणि एक सरळ रेघ ओढली. रागानं नव्हे, अगदी नीट. "पाचवी बसली की घाल माझं नाव," ती म्हणाली, "तवर नगं."

दुसऱ्या दिवशी मी एकटीनं सादर केलं. सुवर्णा तिच्या नेहमीच्या जागी, शेवटच्या बाकावर. पाचव्या आकृतीपाशी आले. मी "हे उघड आहे" म्हणाले आणि थांबले. थांबायचं नव्हतं, पण थांबले. तिनं नुसतं "न्हाय पटलं" म्हटलं असतं तर सगळं संपलं असतं. ती माझ्याकडं बघत राहिली. चाळीस दिवसांत ज्या मुलीनं कोणाचीच गय केली नाही, ती गप्प बसली. मी नजर फळ्याकडं वळवली आणि पुढं गेले. टाळ्या झाल्या. त्या संध्याकाळी पेटी आवरताना मी आठवण म्हणून एक तुकडा उचलला आणि कंपासपेटीत टाकला. तिनं पाहिलं आणि पेटीचं झाकण लावलं.

पत्र मिळालं. त्या पत्रावर पुढचा प्रवेश, त्यावर पीएच.डी., त्यावर पुण्यातली नोकरी... एकावर एक असं सगळं उभं राहिलं. सुवर्णानं बी.एड. केलं आणि उचगावच्या शाळेत गणित शिकवायला लागली. लग्न केलं नाही. कारण विचारणाऱ्याला म्हणायची, "उघड हाय की!" आणि स्वतःच खदखदून हसायची. तो टोमणा कोणाला आहे हे फक्त मला कळायचं, आणि नाकाला मिरच्या झोंबायच्या. दर वर्षी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तिचं विचारणं यायचं, आधी पोस्टकार्डावर, मग मोबाईलवर, चारच शब्दांत : 'पाचवी आकृती बसली काय?' मी कधी उत्तर देत असे, कधी नाही. एका वर्षी मी तिला खरमरीत लिहिलं, की तुझ्याकडं करण्यासारखं दुसरं काही नाही का? त्यावर तीन वर्षं तिनं विचारलं नाही. चौथ्या वर्षी पुन्हा विचारलं, जणू मधे काही घडलंच नव्हतं.

कोणी म्हणेल, संगणकाला विचारायचं. बरोबर आहे. अठरा तुकड्यांचा खेळ, डोळ्याचं पातं लवायच्या आत तो उत्तर देईल. असले प्रोग्रॅम लिहायला मी स्वतः शिकवते, आणि म्हणूनच मी तो कधी लिहिला नाही. मला उत्तर नको होतं. बसत नाही असं आलं असतं तर? ज्या पायावर माझं घर उभं होतं तो पोकळ आहे हे कळून मी काय केलं असतं? झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मी मूठ झाकूनच ठेवली. वीस वर्षं मुठीत बोटं आखडून गेली तरी.

आमची शेवटची भेट फेब्रुवारीतली. या वर्षी त्याच कॉलेजात तसंच शिबिर पुन्हा भरवायचं ठरलं होतं आणि ते चालवायला मला बोलावलं होतं. त्याच्या तयारीसाठी कोल्हापूरला आले होते. संध्याकाळी आम्ही कळंब्याच्या तलावाच्या बांधावर फिरत होतो. ती मधेच थांबून धाप टाकत होती. वजन वाढलंय म्हणाली, आणि मी ते खरं मानलं. मी तिला म्हटलं, "एक दिवस शिबिरात ये. मुलांशी बोल. तुझ्यासारखं शिकवणारं त्यांना कोणी भेटणार नाही." हे मी मनापासून म्हटलं होतं. ती पाण्याकडं बघत म्हणाली, "येतो की. पर तू पोरांम्होरं पाचवी आकृती मांड. बसली तर बसली म्हन, न्हाय तर न्हाय बसली म्हन. मग दिसभर शिकवतो, म्हनशील ते." मी म्हणाले, "बघू." ती हसली. "तुझं 'बघू' मला ठावं हाय, जये." मग आम्ही शेंगा खाल्ल्या, आप्पांच्या गुडघेदुखीबद्दल बोललो, आणि रिक्षात बसताना तिनं माझा पदर आत खोचला, चाकात जाईल म्हणून. ...त्या 'बघू'ला आता काय करायचं ते मला कळत नाही. तो शब्द मी मागं घेऊ शकत नाही आणि पुराही करू शकत नाही.

भेटायला गेले तेव्हा उचगावच्या घरासमोर शाळेच्या मुलींची रांग होती, गणवेशातच आलेल्या. आत आप्पा भिंतीला टेकून बसले होते. मी त्यांच्या पाया पडले, त्यांनी डोक्यावर हात ठेवला. बाहेर आले तर नववी-दहावीतली एक मुलगी धीर करून पुढं आली. "मॅडम, तुमीच काय ओ... 'उघड हाय'वाल्या?" बाकीच्यांनी तिला चिमटे काढले. मला तोंडात मारल्यासारखं झालं. विचारलं, कोणी सांगितलं? "आमच्या बाईंनी. दर वर्साला सांगायच्या. 'माझी एक मैतरीन हाय, माझ्यापेक्षा लई हुशार. तिनं एकदा उघड हाय म्हनून लिवलं आन् फसली. ती लय मोठी झाली, पर त्या दिसापास्नं झोपली न्हाय.' म्हनून आमच्या वर्गात उघड हाय लिवलं की बाई पान परत द्यायच्या." मी विचारलं, आणि त्या मैत्रिणीचं नाव? मुलगी म्हणाली, "नाव न्हाय सांगितलं कधी. आज तुमी रडत आत गेलासा, तवा आमाला वाटलं." वीस वर्षांत शेकडो मुलांना तिनं माझी चूक शिकवली आणि माझं नाव कधी घेतलं नाही. मला तिचा राग आला. खरंच आला. रिक्षात बसेपर्यंत राग होता, आणि मग मी पूर्ण रस्ताभर हमसून रडले. निघताना संजयनं पेटी माझ्या हातात दिली होती. आप्पांनी द्यायला सांगितली म्हणाला. घरी येऊन उघडली. तबक, सतरा लाकडी तुकडे, दोन काळे ठोकळे, आणि अठराव्याच्या जागी वहीच्या पुठ्ठ्याचा कापलेला एक.

दोन आठवड्यांनी शिबिर सुरू झालं. संयोजकांना आमची जुनी गोष्ट अर्धवट ठाऊक होती. ते म्हणाले, तुमच्या त्या अहवालाची जुनी पुस्तिका आपण पुन्हा छापतोय, तिच्यावर सुवर्णाबाईंचं नाव घालू, तीच श्रद्धांजली. माझ्या तोंडून इतक्या जोरात "नाही" निघालं की चहा देणारी मावशी दचकली. कसं समजावणार त्यांना? तिनं पट्टी लावून रेघ ओढली होती. ती गेली म्हणून तिला न पटलेल्या गोष्टीवर तिची सही घ्यायची, हे मी केलं असतं तर तिच्या पश्चात दुसऱ्यांदा तेच पान पुढं केल्यासारखं झालं असतं. पहिल्या शनिवारी मी मुलांना मोकाशी सरांचा नियम सांगितला आणि फळ्यावर आमचंच जुनं काम मांडलं. पाचव्या आकृतीपाशी येऊन मी तेच वाक्य लिहिलं आणि थांबले. बारा मुलं. काही जण वहीत उतरवून घेत होते. मी शेवटच्या बाकाकडं पाहिलं, तिथं कोणी बसलेलं नव्हतं. मग मीच म्हणाले, "मला नाही पटलं." मुलं गोंधळली. मी म्हणाले, "मोजा. वरच्या दोन ओळींत किती घरं उरली? हे मी वीस वर्षांपूर्वी लिहिलं. तेव्हा मला येत नव्हतं, आजही येत नाही. माझ्या मैत्रिणीनं हे दाखवलं होतं आणि मी तिचं ऐकलं नाही." पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं हळूच पाण्याची बाटली माझ्या बाजूला सरकवली.

रविवारी सकाळी चहा झाल्यावर मी अतिथीगृहाच्या फरशीवर मांडी घालून बसले आणि पेटी उघडली. वीस वर्षांत पहिल्यांदा तबकाशी झटणार होते. काळे ठोकळे ठेवले. कोपऱ्यातलं घर झाकायला एकच तुकडा, एकाच पद्धतीनं बसतो. तो बसला की पुढच्याला पर्याय उरत नाही. मग माझं नेहमीचं सुरू झालं. चौदाला तिनानं भाग जात नाही हे ठाऊक असूनही हात वरच्या दोन ओळीच एकट्या पुऱ्या करायला जायचा, आणि दर वेळी अडायचं. दहा वेळा मोडलं, वीस वेळा मोडलं. पाय मुंग्यांनी बधिर झाले. आणि मग सहज, हट्टानं नव्हे, एक तुकडा मी असा ठेवला की त्याची दोन घरं दुसऱ्या ओळीत आणि तिसरा पाय खालच्या ओळीत. मी जिथं कापत होते त्या रेघेवरच तो बसला. टक. खाली जे राहिलं ते पोरखेळ होतं. बघता बघता सतरा तुकडे लागले. उरलेली तीन घरं एकाच ठिकाणी होती, काटकोनात. घड्याळात सव्वादहा वाजले होते.

सव्वादहा! सहाला बसले होते. चार तास आणि वर काही मिनिटं... वीस वर्षं ज्याला घाबरले ते एका सकाळचं काम होतं. आनंद वगैरे काही झाला नाही, मी सांगते. मला उठून भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. तिला वीस वर्षांत अशी एक सकाळ मिळाली नसेल का? मोजणारी, थांबणारी, दर ओळीला बसून राहणारी ती... तिनं हे कधीच बसवलं नसेल, यावर माझा विश्वास नाही.

तबक मांडीवर आणि पेटी पायाशी घेऊन मी रिक्षानं उचगावला निघाले. "काय हाय मॅडम, केक हाय काय?" रिक्षावाल्यानं विचारलं. म्हटलं, केकच समजा, पण खड्डे चुकवा. त्यानं खरंच चुकवले. आप्पा ओसरीत बसले होते. मी तबक त्यांच्यापुढं ठेवलं आणि कंपासपेटीतून माझा तुकडा काढला. इतकी वर्षं तो माझ्याकडं होता, त्याच्या कडा हाताळून गुळगुळीत झाल्या होत्या. आप्पांनी तो हातात घेऊन उलटापालटा केला, आपलंच काम ओळखलं, आणि रिकाम्या तीन घरांत बसवला. मग अंगठ्याचं नख एकेका फटीवरून फिरवत राहिले. अठराच्या अठरा.

"बसलंय," ते म्हणाले.

"आप्पा, मग तिचं नाव घालू?"

"तिनं काय म्हनून ठेवलंतं?"

"बसलं की घाल म्हणाली होती."

"मग घाल की."

मी विचारलं, तिनं कधी बसवलं होतं का हे? आप्पांनी पेटीतला पुठ्ठ्याचा तुकडा काढून माझ्या तळहातावर ठेवला. "ते काय मला ठावं न्हाय. म्या म्हनलं, एक तुकडा कमी हाय, नवा करून देतो की लाकडाचा, दोन मिन्टाचं काम. न्हाय म्हनली. 'जयूचा जयूकडं हाय आप्पा. आनील ती कवातरी.' पुट्टा फाटला की दुसरा कापायची. हा कितवा, देवाला ठावं." मी तो उलटा केला. मागं पेन्सिलीनं, तिच्या त्या शाळकरी ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं : जयूचा.

तबक आणि पेटी मी आप्पांपाशीच ठेवली आणि पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन आले. तो आता माझ्या कंपासपेटीत असतो. लाकडासारखा वाजत नाही, कडा मऊ पडल्या आहेत, फार दिवस टिकेल असं वाटत नाही. नवीन पुस्तिकेवर दोन नावं आहेत, तिचं आधी. तरी चैन पडत नाही. मेच्या पहिल्या आठवड्यात मी रोज फोन उघडून बघत होते, अजूनही बघते. काल वर्गात फळ्यावर सवयीनं 'हे उघड' एवढं लिहून झालं आणि हात थांबला. मी मागच्या बाकाकडं वळून पाहिलं. तिथं कोणीच नव्हतं. मी ते दोन शब्द पुसले आणि खालची ओळ लिहून दाखवायला लागले.